लाखात आठ जणांचा आजार आणि सरकारी पैसा

जास्वंद

‘आरोग्याचा पैसा कुठे मुरतो’ या धाग्यावर परवा हिशेबनीस यांनी एमएसबद्दल, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिसबद्दल (शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदू आणि मज्जारज्जूवर उलटते तो आजार), जे लिहिलं ते आधी इथे देते, म्हणजे मी कशावर बोलतेय ते कळेल:

“एमएससारख्या आजारावर संशोधनाला सरकारनं पैसा द्यावा ही मागणी शहरी, इंग्रजी शिकलेल्या, आवाज असलेल्या लोकांची आहे. लाखात आठ जणांचा आजार. औषधं अमेरिका-युरोपातल्या कंपन्या शोधतातच आहेत, आज ना उद्या ती इकडे येतील. जगातले चौथाई टीबी रुग्ण ज्या देशात आहेत, त्यानं हे चोचले पुरवू नयेत.”

‘चोचले’ हा शब्द मी तीनदा वाचला. तिथेच चार ओळी लिहिल्या होत्या, पुसल्या. आज सुट्टी आहे, बोटं बरी चालताहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

मी बार्शी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. शहरात राहत नाही, इंग्रजी शाळेत शिकले नाही. २०१३ च्या पावसाळ्यात फळ्यावर लाल खडूनं अधोरेखित केलेला शब्द उजव्या डोळ्याला लाल दिसायचा आणि डाव्याला विटकरी. मी वर्गात एकेक डोळा झाकून बघायचे, पोरांना वाटायचं बाई काहीतरी खेळ करताहेत. नंबर वाढला असेल म्हणून चष्मा बदलला. मग सोलापूरला एमआरआय, पुण्याला कमरेतून पाणी काढलं, तेव्हा कुठे आजाराला नाव मिळालं.

पहिली दोन वर्षं इंटरफेरॉन. एक दिवसाआड मांडीत सुई आणि त्या रात्री हटकून ताप. परवडेना म्हणून बंद केलं. त्यानंतर दोन अटॅक आले, म्हणजे आजार अचानक उसळला, दुसऱ्यात उजवा पाय गेला तो पुरता परत आला नाही. २०१८ पासून रिटुक्सिमॅब, प्रतिकारशक्तीला लगाम घालणारं औषध. मिस्टर सोलापूरच्या होलसेलरकडून बाटली आणतात. थर्मोकोलची पेटी, आत बर्फाच्या पिशव्या, वरून चिकटपट्टी. पहाटेच्या एसटीत ती पेटी मी मांडीवर घेऊन बसते. पुण्यात डे-केअरला सलाईन लावतात आणि दर अर्ध्या तासानं सिस्टर थेंब वाढवतात. पहिल्या वेळी घसा खाजायला लागला, थेंब कमी केले, संध्याकाळचे सात वाजले.

तेव्हापासून एकही अटॅक नाही. पण रक्तातलं आयजीजी (जंतूंशी लढणारं प्रथिन) दर तपासणीत थोडं उतरतंय. गेल्या हिवाळ्यात छातीत कफ होऊन तीन आठवडे अंथरुणाला होते. न्यूरोलॉजिस्टना, म्हणजे मेंदूविकारांच्या डॉक्टरांना, विचारलं, डोस अर्धा केला तर चालेल? सहा महिन्यांऐवजी नऊ महिन्यांनी घेतला तर? ते म्हणाले, “बाई, अंदाजानं सांगू शकतो, पुराव्यानं नाही.”

पुरावा का नाही, हे मी नंतर शोधत बसले. रिटुक्सिमॅब अमेरिकेत १९९७ मध्ये लिम्फोमा या कॅन्सरसाठी मंजूर झालं. २००८ मध्ये १०४ एमएस रुग्णांवरची चाचणी छापून आली, त्यात एमआरआयवर नवे डाग दिसणं जवळपास थांबलं होतं. तरी अटॅकवाल्या एमएससाठी रिटुक्सिमॅबची पुढची मोठी चाचणी कंपनीनं केली नाही. त्याच पद्धतीनं काम करणारं नवं ओक्रेलिझुमॅब पुढे आणलं आणि ते २०१७ मध्ये मंजूर झालं. जुन्याचं पेटंट संपत आलं होतं. भारतात तर डॉ. रेड्डीजनं २००७ मध्येच स्वतःची आवृत्ती बाजारात आणली होती. स्वस्त झालेल्या औषधावर खर्च करून कंपनीला काय मिळणार? तिचा तो धंदा आहे, मी दोष देत नाही.

मी सरकारला एमएस बरा करणारं औषध शोधा म्हणत नाहीये. जो प्रश्न कोणतीही कंपनी कधीच विचारणार नाही, तो विचारायला सरकारचा पैसा हवा. स्वस्त औषध, किती द्यायचं, किती वर्षं, आणि कधी थांबायचं. हे चोचले असतील तर मग संशोधन कशाला म्हणायचं ते हिशेबनीस यांनी सांगावं.

हिशेबनीस

‘चोचले’ शब्द मागे घेतो. मुद्दा मागे घेत नाही.

ताई, तुमचं वाचून वाईट वाटलं, खरंच वाटलं. पण मी १९ वर्षं नंदुरबार जिल्ह्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात काढली. अक्कलकुवा, धडगाव. तिथे सिकल सेलची, म्हणजे रक्ताच्या आनुवंशिक आजाराची, पोरं दुखण्यानं रात्रभर ओरडतात आणि आई पाठीवर टाकून आठ किलोमीटर चालत आणते. टीबीची औषधं मधेच संपली की माणूस घरी जातो आणि परत येतो तो गोळ्यांना न जुमानणारा टीबी घेऊन. त्यांच्यापैकी कुणी इथे धागा काढणार नाही. म्हणून मी काढतो.

देश संशोधनावर जीडीपीच्या ०.६४ टक्के खर्च करतो. त्यात सगळं आलं, अवकाश, अणू, संरक्षण, शेती. जे उरतं त्यातून एमएसला वाटा द्यायचा तर कुणाचा कापायचा, एवढंच सांगा. ‘वाढवा’ म्हणणं सोपं आहे. तुम्ही हलाखीत असाल, पण तुमच्याजवळ न्यूरोलॉजिस्ट आहे. माझ्या जिल्ह्यात तेव्हा एकही नव्हता.

आणि आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) एमएसची देशव्यापी नोंदवही एम्सच्या पुढाकारानं सुरू आहेच. म्हणजे सरकार काहीच करत नाही असंही नाही.

उत्तरध्रुव

स्टॉकहोममधून लिहितोय. इथे बारा वर्षं आहे, बायकोला एमएस आहे आणि तिलाही रिटुक्सिमॅबच चालू आहे. इथे ते अपवादानं देत नाहीत, वर्षानुवर्षं भरपूर रुग्णांना देतात.

जास्वंद म्हणतात तेच इथल्या न्यूरोलॉजिस्टांनी केलं. कंपनी करत नाही म्हटल्यावर सरकारी संशोधन निधीतून चाचणी उभी केली. साधारण २०० रुग्ण, अर्ध्यांना रिटुक्सिमॅब, अर्ध्यांना डायमिथिल फ्युमरेट हे एमएसचं दुसरं औषध. २०२२ मध्ये निकाल आला. दोन वर्षांत अटॅक आला तो रिटुक्सिमॅबवाल्यांत ३ टक्क्यांना आणि दुसऱ्या गटात १६ टक्क्यांना. पुढच्याच वर्षी, जुलै २०२३ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेनं आवश्यक औषधांच्या यादीत पहिल्यांदा एमएसची औषधं घातली. तीन घातली: क्लॅड्रिबिन, ग्लॅटिरामेर आणि रिटुक्सिमॅब. नॉर्वे आणि डेन्मार्कनं तर रिटुक्सिमॅब आणि ओक्रेलिझुमॅब यांची समोरासमोर तुलना करणाऱ्या चाचण्या सरकारी पैशातून सुरू केल्या.

हिशेबनीस, तुम्ही म्हणता युरोप शोधेल आणि आपल्याकडे येईल. पण इथे जे तपासलं ते इथल्या माणसांवर. इथे सुप्त टीबी क्वचित. आपल्याकडे किती जणांच्या छातीत तो झोपलेला असतो हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. क्लॅड्रिबिन देण्याआधी टीबी तपासावाच लागतो. रिटुक्सिमॅबनं हिपॅटायटिस बी उसळू शकतो, माहितीपत्रकात तो इशारा चौकटीत छापलेला असतो. ही औषधं भारतीय शरीरात वर्षानुवर्षं काय करतात हे स्वीडन तुम्हाला सांगणार नाही. टीबीचं काम आणि एमएसचं काम इथे एकत्र येतं.

चौथा मजला

संशोधनाचं नंतर बघा. आधी जे कागदावर दिलंय ते मिळू द्या.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात एमएस नावानिशी आहे. मी दिव्यांग प्रमाणपत्र देणाऱ्या बोर्डापुढे तीनदा गेलो. पहिल्या वेळी म्हणाले, चालून दाखवा. चाललो. सकाळचे दहा वाजले होते, दहा वाजता मी चालतो! दुपारी तीनला मला बसलेल्या खुर्चीतून उठता येत नाही हे मी सांगितलं, तर म्हणाले तसं मोजायचं आमच्याकडे कोष्टक नाही. दुसऱ्या वेळी मे महिन्यात मुद्दाम दुपारची वेळ मागितली, उन्हानं पाय लाकडासारखे झाले होते, तर साहेब आलेच नाहीत. तिसऱ्या वेळी ३० टक्के लिहिले. ४० च्या खाली काहीच मिळत नाही.

लिफ्ट नसलेल्या इमारतीत चौथ्या मजल्यावर ऑफिस आहे माझं. मजला बदलून मागायला ते कार्ड लागतं. थकवा कसा मोजायचा यावर कुणी संशोधन करणार असेल तर माझी पहिली देणगी. बाकी डोस किती आणि कधी, हे तुम्ही डॉक्टर मंडळी बघा.

जास्वंद

@चौथा मजला, माझी वैद्यकीय प्रतिपूर्तीची बिलंही अशीच, कोष्टकात बसत नाहीत म्हणून परत आली आहेत. शेरा असा: “औषध कर्करोगाचे, निदान वेगळे.” देशाच्या आवश्यक औषधांच्या यादीत रिटुक्सिमॅब आहे, पण कॅन्सरच्या औषधांत. टेबलामागच्या माणसाला मी काय दाखवू? स्वीडनचा कागद? आपल्या देशात झालेल्या चाचणीचा कागद असता तर तो फाईलला लावला असता. म्हणून सांगते, तुमचा प्रश्न आणि माझा एकच आहे.

कोरडवाहू

संशोधन संशोधन ऐकून कान किटले. माझ्या भावावर झालं की संशोधन. ऐका.

धाकटा भाऊ, वय तेव्हा ३१, एमएस. कुणीतरी व्हॉट्सॲपवर व्हिडिओ पाठवला, व्हीलचेअरवरचा माणूस चालतोय. एका मोठ्या शहरातलं सेंटर, नाव लिहीत नाही. काचेचं दार, खाली गुळगुळीत फरशी, भिंतीवर परदेशी माणसांचे फोटो. म्हणाले स्वतःच्याच कंबरेच्या हाडातून पेशी काढू, मणक्यात सोडू, चार फेऱ्या. एका फेरीचे पावणेदोन लाख. विहिरीजवळचं दीड एकर विकलं. कोरडवाहू ठेवलं, बागायत विकलं, कारण बागायतीलाच गिऱ्हाईक मिळालं.

पहिल्या फेरीनंतर भाऊ म्हणाला बरं वाटतंय. दुसऱ्यानंतर ताप आला, डोकं इतकं दुखलं की भिंतीवर आपटत होता. तिसऱ्या वेळी गेलो तर तेच सेंटर दुसऱ्या नावानं चालू होतं. सरकारचा पैसा अशांना जाणार असेल तर एक रुपया देऊ नका.

आशावादी

कोरडवाहू, तुमच्या भावाचं वाईट झालं. पण सगळ्यांना एकाच मापानं मोजू नका. माझ्या बहिणीनं २०१९ मध्ये असाच उपचार घेतला. आधी काठी होती, तीन महिन्यांत काठी सुटली. माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. तुम्हाला कागद हवेत, मला माझी बहीण चालताना दिसते. ज्याच्याकडे दुसरा उपायच नाही, त्याला प्रयत्न करायचा हक्क का नको? चाचणीचा निकाल यायला दहा वर्षं लागतात. पेशंटकडे दहा वर्षं नसतात.

कोरडवाहू

हक्क? माझ्या भावाला कुणी सांगितलं होतं का की हे प्रायोगिक आहे? दिलेल्या कागदावर इंग्रजीत १४ पानं होती. सही कर म्हणाले, केली. तुमची बहीण चालते, देवाची कृपा. पण तुमच्यासारख्यांच्या असल्याच गोष्टींचा व्हिडिओ करून त्यांनी आमच्या घरी पाठवला. आमची विहीर तुमच्या आशेनं गेली, हे लक्षात ठेवा.

आशावादी

हे अति होतंय. मी कुणाच्या घरी व्हिडिओ पाठवलेला नाही. तुमचा राग सेंटरवर काढा. दोन वर्षं बहिणीला आंघोळ घालायला आई बसलेली मी बघितलीय, मला आशा शिकवू नका आणि आशेची लाजही वाटायला लावू नका.

उत्तरध्रुव

दोघंही थांबा. तुम्ही दोन वेगळ्या गोष्टींवर भांडताय आणि दोन्हींना लोक स्टेम सेलच म्हणतात.

रक्ताच्या कॅन्सरसारखं केमो देऊन प्रतिकारशक्ती पार पुसायची आणि आधी काढून ठेवलेल्या स्वतःच्याच मूळपेशींनी ती नव्यानं उभी करायची, ही एक पद्धत. २०१९ मध्ये ११० रुग्णांवरच्या चाचणीचा निकाल जामा या नियतकालिकात आला. ज्यांना वारंवार अटॅक येतात त्यांच्यात ती औषधांपेक्षा सरस ठरली. आठवडेच्या आठवडे वॉर्डात राहावं लागतं, केस जातात, जिवाला धोकाही असतो.

कंबरेच्या हाडातून पेशी काढून त्याच दिवशी मणक्यात सोडणं ही दुसरी गोष्ट. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत लिहिलंय की मान्यता घेतलेल्या चाचणीबाहेर असले उपचार अनैतिक आहेत. कोरडवाहूंच्या भावाकडून पैसे घेतले, तिथेच ते संशोधन नव्हतं हे ठरलं.

आशावादी, बहिणीला तेव्हा नुकताच अटॅक येऊन गेला होता का?

आशावादी

हो. जानेवारीत आला होता. उपचार मार्चमध्ये.

उत्तरध्रुव

मग काठी जून-जुलैमध्ये तशीही सुटली असती, अशी शक्यता मोठी आहे. माझ्या बायकोचा हात चार महिन्यांत आपोआप परत आला, तेव्हा तिला फक्त मिथाइलप्रेड या स्टिरॉइडची सलाईन दिली होती. एमएस चढतो आणि उतरतो. चढलेला असताना माणूस उपाय शोधतो, उतरला की ज्याच्या हाती पडलो त्याला श्रेय देतो. म्हणून तर दुसरा गट लागतो, ज्याला तो उपचार दिलेला नाही. मी बहिणीचं बरं होणं खोटं ठरवत नाहीये.

आशावादी

असेल. पण माझ्या आईला हे सांगायची माझी तयारी नाही.

हिशेबनीस

चर्चा मूळ मुद्द्यापासून भरकटली, पण माझ्या उपयोगाला आली. भावनेच्या रेट्यात संशोधनाचा पैसा कुठे जातो बघा. कॅनडाचं उदाहरण घ्या.

२००९ मध्ये इटलीतल्या फेरारा विद्यापीठाच्या पाओलो झांबोनी यांनी मांडलं की एमएस हा मानेतल्या अरुंद शिरांमुळे होतो, फुग्यानं शिरा रुंद करा. त्यांच्या पत्नीलाही एमएस होता. कॅनडात टीव्हीवर कार्यक्रम झाला आणि लोक पेटले. पोलंड, कोस्टारिका, जिथे जमेल तिथे जाऊन शिरा रुंद करून घेऊ लागले. न्यूरोलॉजिस्ट पुरावा मागत होते, तर त्यांना औषध कंपन्यांचे दलाल ठरवलं. सस्कॅचवान प्रांतानं २०१० मध्ये ५० लाख डॉलर जाहीर केले, पुढे केंद्रानंही पैसा ओतला. २०१७ मध्ये निकाल आला. खरा फुगा आणि खोटा फुगा, काडीचा फरक नाही. सात-आठ वर्षं आणि लाखो डॉलर. मंडईत जो मोठ्यानं ओरडतो त्याची भाजी विकली जाते, तसं. आवाज असलेल्या पेशंटांच्या हाती संशोधनाची दिशा दिली की हे होतं. तुमची मागणी न्याय्य असेलही, पण दार उघडलं की आत कोण कोण येतं ते बघा.

जास्वंद

कॅनडाचं मला माहीत होतं. मी स्वतः २०१४ मध्ये त्या शिरांच्या मागे लागले होते, भावानं अडवलं.

पण तुम्ही निकालाला वाया गेलेला पैसा म्हणताय. त्या निकालानंतर किती घरांची जमीन वाचली असेल! आमच्या कोरडवाहूंना ‘हे तपासलं, उपयोग होत नाही’ असा मराठीतला एक कागद कुणी दाखवला असता, तर त्यांचं बागायत आज त्यांच्याकडे असतं. उपयोग नाही हे कळायलाही पैसे लागतात. इंग्लंडमध्ये सिमव्हास्टॅटिन ही कोलेस्टेरॉलची स्वस्त गोळी साडेनऊशेहून जास्त एमएस रुग्णांवर तपासली, सरकारी आणि देणगीच्या पैशातून. आधीच्या छोट्या चाचणीत मेंदू आकसण्याचा वेग ४३ टक्क्यांनी कमी दिसला होता, सगळे आशेवर होते. २०२४ मध्ये कळलं, आजार पुढे सरकणं थांबत नाही. मी त्या दिवशी रडले. पण माझी गोळी घ्यायची पैशांची आणि मनाची तयारी झाली होती, ती वाचली.

आता तुमच्या नंदुरबारच्या पोरांकडे येते, कारण तुम्ही त्यांना माझ्यासमोर उभं केलंत. त्यांना तुम्ही कोणतं औषध देत होता? हायड्रॉक्सियुरिया ना? ते कॅन्सरचं जुनं औषध. सिकल सेलमध्ये ते दुखणं कमी करतं हे १९९५ मध्ये अमेरिकेत सिद्ध झालं, तिथल्या सरकारच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या पैशातून. आणि आपल्याकडे ते कमी डोसमध्ये, किलोला १० मिलिग्रॅम, मुलांना चालतं हे कुणी तपासलं? नागपूरच्या डॉक्टरांनी. २०१२ मध्ये ते छापून आलं. तेव्हा कुणी म्हटलं नाही की अमेरिकेनं शोधलंय, ते आहे तसं वापरा.

कॅन्सरचं जुनं स्वस्त औषध, दुसऱ्या आजाराला, आपल्या माणसांना किती द्यायचं. मी रिटुक्सिमॅबसाठी अक्षरशः हेच मागतेय. तुम्ही ज्या मुलांसाठी माझ्याशी भांडताय, ती याच प्रकारच्या संशोधनावर जगताहेत डॉक्टर. राग येऊ देऊ नका, पण मला तुमचा राग आला होता.

मांडवी

गोव्यातून. सगळं वाचलं, एक गोष्ट कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते. मला चार वर्षं एमएस म्हणून इंटरफेरॉन दिलं. अटॅक वाढतच गेले, एका डोळ्याची दृष्टी गेली ती गेलीच. नंतर रक्तात अँटिबॉडी सापडली, तो एमएस नव्हताच, एनएमओ होता, एमएससारखाच दिसणारा पण वेगळा आजार. त्यात इंटरफेरॉननं उलट बिघडतं. ही अँटिबॉडी मेयो क्लिनिकनं २००४ मध्ये शोधली, तोवर जगभर हे दोन आजार एकात एक मिसळलेले होते. आपल्याकडे एनएमओ कमी नाही. तपासणी उशिरा झाली हा माझ्यापुरता राग आहे, कुणाचं नाव घेत नाही. पण ‘लाखात आठ’ म्हणता तेव्हा त्या आठांत मी होते की नव्हते? तो आकडा मंगळूरच्या पाहणीतला आहे. नंदुरबारला कुणी मोजलं? जिथे न्यूरोलॉजिस्टच नाही तिथे एमएसचे रुग्ण शून्यच निघणार. मोजणं हेही संशोधनच.

चौथा मजला

+१. आणि मोजताना थकवाही मोजा.

हिशेबनीस

रात्रभर विचार करून लिहितोय.

किलोला १० मिलिग्रॅमचं नागपूरचं काम मला माहीत आहे. मी तोच डोस देत होतो. ते संशोधन म्हणून कधी डोळ्यांसमोर आलं नाही, आमच्यासाठी ते तक्त्यावर लिहिलेलं औषध होतं. इथे मी चुकलो.

मांडवी यांचं मोजण्याचं म्हणणं मला लागलं. माझ्या ओपीडीत एक बाई यायची, तिशीची, पाय ओढत. दर वर्षी बरी व्हायची आणि परत यायची. आम्ही बी-१२ आणि कॅल्शियम देत राहिलो. गावात म्हणत बाहेरचं लागलंय. तिचा एमआरआय कुणी काढला नाही, मीही नाही. ती काय होती हे आता मला कधीच कळणार नाही.

तरी माझं मत पूर्ण बदललेलं नाही. नव्या औषधांच्या शोधावर, महागड्या प्रयोगशाळांवर एमएसच्या नावानं सरकारी पैसा घालायला माझा आजही विरोध आहे. कुणाचा वाटा कापायचा हे तुम्ही कुणीच सांगितलं नाहीत. पण जुनं औषध, आपला डोस, टीबी आणि हिपॅटायटिस असलेल्या आपल्या माणसांवर, आणि मोजणी, एवढ्याला माझा विरोध नाही. २०२३ च्या कायद्यानं जे राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान आलं त्याचे पाच वर्षांचे ५० हजार कोटी कागदावर आहेत, त्यातला मोठा भाग खासगीकडून यायचाय. तो आला तर मागा. टीबीच्या पैशाला हात लावू नका.

जास्वंद

टीबीच्या पैशाला हात लावा असं मी कुठेच म्हटलेलं नाही. वर जाऊन वाचा.

हिशेबनीस

वाचलं. नाही म्हटलेलं.

कोरडवाहू

डॉक्टरसाहेब, त्या बाईचं लिहिलंत ते बरं केलंत. भावाला दाखवलं. तो म्हणाला निदान कुणी कबूल तरी करतंय. त्याला आता रिटुक्सिमॅब सुरू करायचं म्हणताहेत. आमची हिंमत होत नाहीये, परत कंबरेत सुई आहे का?

जास्वंद

दादा, नाही. हाताच्या शिरेतून साधं सलाईन असतं. आधी हिपॅटायटिस बी आणि टीबीची तपासणी करायला सांगा, त्यांनी सांगितली नाही तर तुम्ही विचारा. सुरू करण्याआधी आयजीजीही करून ठेवा, पुढे तुलनेला लागतं. सलाईनच्या आधी ताप-ॲलर्जीची औषधं आणि स्टिरॉइड देतात, त्यानं झोप येते. घसा खाजला, छाती भरली, अंगावर गांधी उठल्या तर लगेच सिस्टरना सांगायचं, सहन करत बसायचं नाही. पूर्ण दिवसाची रजा टाका.

बाटली तुम्हीच नेणार असाल तर बर्फाची पिशवी बाटलीला थेट टेकवू नका, मधे टॉवेल घाला. औषध गोठलं की वाया गेलं. दोन ते आठ डिग्री लागतं. पेटी उन्हात, खिडकीशी ठेवू नका आणि एसटीच्या टपावर तर मुळीच नाही. बिल बॅच नंबरसकट घ्या. कागदावर सही मागितली तर मराठीत समजावून सांगा म्हणायचं, समजेपर्यंत सही करायची नाही. तारीख ठरली की इथे लिहा, मी पुण्यात असेन तर येईन.